खायचं की नुसतं बघायचं?

रविवारी सकाळी सातला पुण्याबाहेर पडायचं म्हटलं की बहुतेकांची गाडी आपोआप सिंहगडाकडे नाहीतर लोणावळ्याकडे वळते. आमची वळली सोलापूर रोडला. ना गड, ना धबधबा, ना कांदाभजी. डिकीत चार रिकाम्या कुंड्या, मागच्या सीटवर अडीच वर्षांची लेक आणि शेजारी बायको, हातात यादी घेऊन. त्या यादीवरून घरात दोन आठवडे चर्चा (वाचा : भांडण) चालू होती. विषय एकच. बाल्कनीत काय लावायचं? खायचं की बघायचं?

तुम्ही म्हणाल, यात भांडण्यासारखं काय आहे? थोडं हे, थोडं ते लावा आणि मोकळे व्हा! आम्हीही आधी असंच म्हणालो होतो. पण खराडीतल्या सहाव्या मजल्यावरच्या फ्लॅटची बाल्कनी म्हणजे काय, ते तिथे राहणाऱ्यालाच विचारा. ब्रोशरमध्ये तिला 'टेरेस' म्हणतात. प्रत्यक्षात दहा फूट बाय चार फूट. त्यात एका कोपऱ्यात वॉशिंग मशीन, दुसऱ्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड. उरते आठ कुंड्यांची जागा. ओल्या मातीनं भरलेली बारा इंची कुंडी वीस किलोच्या घरात सहज जाते, त्यामुळे रेलिंगवर काही टांगायचं धाडस आम्ही करत नाही. खाली पार्किंगमध्ये लोकांच्या गाड्या असतात, आणि लोकही.

तर, आठ कुंड्या. एकेका कुंडीसाठी एकेक उमेदवार.

सोलापूर रोडची हिरवी बाजू

मुंढव्यातून मगरपट्टा आणि तिथून सोलापूर रोड. गाडीतळापाशी रविवारी सकाळीही ट्रॅफिक असतंच, त्याची सवय ठेवा. शेवाळवाडी मागे टाकली की डावीकडे कवडीपाटचा फाटा लागतो. हिवाळ्यात मोठमोठ्या लेन्स घेऊन पक्षी बघायला जातात, तेच हे. मग लोणी काळभोर, थेऊर फाटा (चिंतामणीला हात जोडायचे असतील तर इथे वळा), कुंजीरवाडी... आणि मग हळूहळू रस्त्याच्या कडेचा रंग बदलायला लागतो. ढाबे आणि गॅरेजं कमी होतात, हिरवं शेडनेट दिसायला लागतं. सोरतापवाडी आली.

सोरतापवाडी ते उरुळी कांचन हा पट्टा म्हणजे पुण्याच्या बाल्कन्यांचं माहेर. रस्त्याला लागून नर्सऱ्याच नर्सऱ्या. शहरात ज्या रोपाला आपण 'प्लांट' म्हणतो आणि भेट देताना रिबन बांधतो, ते इथे काळ्या पिशवीत, हजारोंच्या रांगेत, उन्हात उभं असतं. खडकवासल्याच्या उजव्या कालव्याचं पाणी या भागातून जातं, शहर तासाभरावर, समोर हायवे. नर्सरीला आणखी काय हवं? आम्ही पोचलो तेव्हा परराज्यातल्या नंबरचा एक ट्रक पाम भरून निघायच्या तयारीत होता. दिवाळी जवळ आलेली, त्यामुळे पुढच्या भागात सगळीकडे झेंडू आणि शेवंती. एवढं पिवळंधमक की गॉगल काढावासा वाटेना.

याच नर्सरीत आम्ही दोन वर्षांपूर्वी आलो होतो. फ्लॅटचं पझेशन मिळालं त्याच महिन्यात. तेव्हाची आमची खरेदी आठवली की आता हसू येतं. आम्ही रोपं बघत नव्हतो, पडद्यांना काय मॅच होईल ते बघत होतो. पांढऱ्या-हिरव्या ठिपक्यांच्या मोठ्या पानांचं एक रुबाबदार झाड घेतलं. लाल पानांचं एक घेतलं. 'हे ऑक्सिजन देतं, नासानं सांगितलंय' असं ऐकून स्नेक प्लांट घेतला. (नासाचा तो प्रयोग १९८९ चा, आणि तो हवाबंद चेंबरमधला. २०१९ मध्ये अशा सगळ्या प्रयोगांचा एकत्र हिशेब मांडला गेला. त्यात दिसलं की घरात नुसती हवा खेळती असली की जेवढी शुद्ध होते, तेवढी झाडांकडून करून घ्यायची तर दर चौरस मीटरला किमान दहा झाडं लागतील. म्हणजे मग सोफा विकावा लागेल! आमची झाडं तर उघड्या बाल्कनीत होती. असो.) आणि निघता निघता, गंमत म्हणून, पुदिन्याची एक पिशवी.

हा पुदिना या गोष्टीचा हीरो. आणि थोडासा व्हिलनही.

'कोणतं झाड?'

पुदिना वाढवायला अक्कल लागत नाही. बाजारातल्या जुडीतल्या चार काड्या पाण्यात ठेवल्या तरी आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. आमचा तर कुंडीतून बाहेर डोकवायला लागला. ऑफिसमधून आलो की मी लेकीला घेऊन बाल्कनीत उभा राहायचो, एक पान खुडून तिच्या हातात द्यायचो, 'खा, थंड लागतं बघ!' तीही तोंड वाकडं करत, हसत खायची. हा आमचा रोजचा खेळ. फोटो काढून आईला पाठवायचो. नात बघ कशी मातीत वाढतेय, सहाव्या मजल्यावर!

ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात एका संध्याकाळी मी फोनवर होतो आणि लेक बाल्कनीत. आधी किंकाळी ऐकू आली. धावलो तर ती दोन्ही हातांनी तोंड धरून रडत होती. लाळ थांबत नव्हती. ओठ डोळ्यांदेखत सुजत होते. पांढऱ्या ठिपक्यांच्या त्या रुबाबदार झाडाच्या पानाचा एक अर्धचंद्र गायब होता. चार छोट्या दातांचे ठसे.

ओल्या फडक्यानं तोंड पुसलं, गार पाणी दिलं, आणि तसंच उचलून बालरोगतज्ज्ञांकडे. डॉक्टरांचा पहिला प्रश्न : 'कोणतं झाड?'

आम्हाला नाव सांगता येईना. दोन वर्षं घरात असलेलं झाड. 'ते... पांढऱ्या ठिपक्यांचं.' मी तिथून पुन्हा घरी धावलो, पान तोडून आणलं. डॉक्टरांनी बघितलं आणि म्हणाले, 'डिफेनबेकिया.' इंग्रजीत याला 'डम्ब केन' असंही म्हणतात हे नंतर कळलं. चावणाऱ्याची जीभ सुजून बोलती बंद होते, म्हणून. पानात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात. पान चावलं की ते तोंडात अक्षरशः टोचतात. बहुतेक वेळा काही तासांत उतरतं, पण सूज घशाकडे गेली तर श्वासाचा प्रश्न येतो, म्हणून लक्ष ठेवायचं. आम्ही तीन तास दवाखान्यात बसून होतो. तिचा प्रत्येक श्वास मोजत. रात्री नऊला तिनं गार दूध प्यायलं आणि झोपली.

बायको काही बोलली नाही. घरी आल्यावर फक्त एवढंच म्हणाली, 'तिला पानं खायला कोणी शिकवलं?'

म्हणून म्हणतो, थोडं हे आणि थोडं ते लावून चालत नाही. नुसत्या शोभेच्या झाडांच्या घरात मूल झाडाला हात लावायचं नाही एवढं शिकतं. नुसत्या खायच्या झाडांच्या घरात वाटेल ते तोडून तोंडात टाकलं तरी बिघडत नाही. आम्ही दोन्ही शेजारी शेजारी ठेवली, एकसारख्या पांढऱ्या सिरॅमिकच्या कुंड्यांत. मॅचिंग!

आजीची चिंच

त्या रात्री झोप येईना म्हणून वाचत बसलो, आणि एक गंमत कळली. डिफेनबेकिया, फिलोडेंड्रॉन, मनी प्लांट ही सगळी अळूच्या कुळातली. आपल्या अळूवडीतला अळू! तेच स्फटिक अळूतही असतात. घशाला खवखवतं म्हणून तर आजी फदफद्यात चिंच घातल्याशिवाय पातेलं चुलीवरून उतरवायची नाही. गावाकडे अळू हौदाच्या सांडपाण्यावर वाढतो आणि ताटात येतो. परदेशात तोच 'एलिफंट इअर' या नावानं शोभेसाठी लावतात. म्हणजे खायचं आणि बघायचं यातली रेघ झाडात नसतेच. ती आपल्या माहितीत असते. आजीला झाडाचं नाव, गुण, चिंच, सगळं ठाऊक होतं. मला फक्त किंमत ठाऊक होती.

म्हणून या वेळी यादी घेऊन आलो. नर्सरीत एक मावशी रोपांना पाणी घालत होत्या. यादी बघून म्हणाल्या, 'पुदिना हाय, गवती चहा हाय, कढीपत्ता हाय. कोथमिरीचं रोप कोण इकत घेतं व्हय? धने रगडा आन् टाका मातीत.'

खरंच आहे. धन्याचा एक दाणा म्हणजे दोन बिया चिकटलेल्या. हलक्या हातानं रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचं, पेरायचं. आठ-दहा दिवसांत उगवण दिसते. तिला जागा बदललेली आवडत नाही, त्यामुळे पिशवीतून कुंडीत वगैरे भानगड नकोच. पण मसाल्याच्या डब्यातले वर्षभराचे जुने धने टाकून 'उगवत नाही' म्हणू नका. मी तोही प्रयोग केलेला आहे.

'पैसे वाचतील' म्हणून हे करणार असाल तर मात्र थांबा. जुडी कधी पाच रुपयांना मिळते तर कधी पन्नासला, हे मान्य. पण एका कुंडीतली कोथिंबीर म्हणजे एका आमटीवरची सजावट. कुंडी, माती, खत, आणि सोलापूर रोडचं पेट्रोल धरलं तर ती जुडी पुण्यातली सगळ्यात महाग जुडी ठरेल. खायच्या झाडाचा फायदा वेगळा. चहात गवती चहाची दोन पाती हवी असतात, फोडणीला कढीपत्त्याची सहा पानं. तेवढ्यासाठी बाजारातून जुडी आणायची आणि उरलेली फ्रीजमध्ये काळी करायची, हे थांबतं. बायको याला 'रोज लागतं पण थोडंच लागतं' असा निकष म्हणते. या एका निकषावर यादीतून टोमॅटो, पालक आणि माझी लाडकी ब्रोकोली बाद झाली.

बेझिलसाठी मी हट्ट धरला. कोरेगाव पार्कातल्या पास्त्यावर दोन पानं ठेवून जे बिल लावतात ते बघता मला ते हवंच होतं. मावशींनी दाखवलेलं रोप हुंगलं आणि ओळखीचं वाटलं. 'सब्जा म्हणा की!' त्या म्हणाल्या. अगदी बरोबर. फालुद्यातला सब्जा आणि इटालियन बेझिल ही एकाच जातीची झाडं, वाण वेगळे. इटालियन वाणाची पानं मोठी, वास जरा गोडसर. घेतलं.

आणि ओव्याचं झाड. जाड, लोकरी पानांचं. याच्यापासून ओवा मिळत नाही, नुसता वास ओव्याचा. पण भजी झकास होतात. फांदी तोडून खोचली तरी लागते, पाणी घालायला विसरलात तरी रुसत नाही. ऑन-साइट जाणाऱ्यांसाठी आदर्श झाड!

पिशव्या बांधताना मावशींनी एक गोष्ट न विचारता सांगितली. 'लगी खाऊ नका हां. फवारा मारल्याला आसतो. ही पानं जाऊ द्या, नवी फूट आली की खा.' दोन वर्षांपूर्वी हे आम्हाला कोणी सांगितलं नव्हतं. आम्हीही विचारलं नव्हतं म्हणा.

दक्षिणेचं ऊन

आठपैकी आठही कुंड्या खायच्याच लावायच्या, असं मी जाहीर करून टाकलं होतं. बायकोनं शांतपणे विचारलं, 'आणि मे महिन्यात?'

मुद्दा बिनतोड होता. आमची बाल्कनी दक्षिणेला. जाहिरातीत 'सनलिट' लिहिलं होतं, ते निम्मं वर्ष खरं असतं. डिसेंबर-जानेवारीत सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, तेव्हा ऊन थेट हॉलच्या दारापर्यंत येतं. मेच्या मध्याला पुण्यात शून्य सावलीचा दिवस येतो, सूर्य बरोबर डोक्यावर. त्यानंतर जुलै संपत येईपर्यंत तो भर दुपारीही आपल्या किंचित उत्तरेलाच. म्हणजे ऐन उन्हाळ्यात, अख्खं पुणं भाजून निघत असताना, आमच्या बाल्कनीच्या फरशीवर थेट उन्हाचा तुकडा नाही. मागच्या वर्षी याच काळात आमची तुळस गेली. मी पाणी कमी पडलं म्हणून जास्त पाणी घातलं, आणि मग ती पाण्यानं गेली.

तुळस, सब्जा, गवती चहा यांना रोजचं चार-पाच तास तरी थेट ऊन लागतं. पुदिना अर्ध्या सावलीत तगून जातो. कोथिंबीर तर थंडीतलीच, उन्हाळ्यात ती पानांऐवजी फुलांच्या मागे लागते. तेव्हा झाडाची निवड तुम्ही करत नाही, तुमच्या बिल्डरनं बाल्कनी कोणत्या दिशेला काढली तो करतो. दुकानात जायच्या आधी एक सुट्टीचा दिवस घरी बसा. सकाळी नऊ, दुपारी बारा, तीन, ऊन कुठे येतं ते खडूनं फरशीवर आखा. पश्चिमेची बाल्कनी असेल तर दुपारनंतरचं ऊन कोवळी पानं करपवतं, आणि उत्तरेची असेल तर थंडीत सरळ शोभेची झाडं लावून मोकळं व्हा, त्यात कमीपणा काही नाही.

शेवटी तह असा झाला. ऑक्टोबर ते एप्रिल सहा कुंड्या खायच्या, दोन बघायच्या. मेपासून उलट. आणि 'बघायची' झाडं निवडताना पहिला प्रश्न : चावलं तर काय? स्पायडर प्लांट चालतो, अरेका पाम चालतो, बोस्टन फर्न चालतो. जास्वंद तर चालतेच. मावशींनी आणखी एक कुंडी पुढे केली होती, गुलाबी फुलांनी भरलेली, स्वस्तही. कण्हेर. हायवेच्या दुभाजकावर लावतात तीच. पाणी कमी लागतं, गुरं तोंड लावत नाहीत. गुरं तोंड लावत नाहीत यातच सगळं आलं. पानापासून मुळापर्यंत विषारी, थेट हृदयावर परिणाम. दोन वर्षांपूर्वी मी ती नक्की घेतली असती. रंग पडद्यांना मॅच होत होता.

प्रश्न उरला मनी प्लांटचा. तो बायकोचा. ती पुण्यात नोकरीला आली तेव्हा कर्वेनगरच्या पीजीत रूममेटनं बाटलीत खोचून दिलेली ही एक फांदी. तीन भाड्याच्या खोल्या, दोन कंपन्या, एक लग्न, एवढं त्यानं पाहिलंय. आणि तो अळूच्याच कुळातला. डिफेनबेकिया आम्ही दुसऱ्याच दिवशी ऑफिसला नेऊन ठेवला, तिथे कोणी पानं खात नाही (अप्रेझलच्या काळातही). पण याला ऑफिसात पाठवायला ती तयार नव्हती. मी 'एक झाडच तर आहे' म्हणालो, आणि त्या वाक्याची किंमत पुढचे दोन दिवस मोजली.

तो आता छताच्या हुकाला टांगलाय. वेल लेकीच्या हाताच्या वर राहील इतकाच खाली येऊ द्यायचा, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी कापायचा. कापलेले तुकडे मोजून, कागदात गुंडाळून, थेट कचऱ्यात. कात्री बायकोच्या हातात असते. मी फक्त शिडी धरतो.

नर्सरीतून निघायला अकरा वाजले. पुढे उरुळी कांचनला १९४६ मध्ये गांधीजींनी सुरू केलेला निसर्गोपचार आश्रम आहे, तिथे डोकवायचा बेत होता. पण लेकीनं आम्हाला नर्सरीतच अडकवलं. मावशींचं बोट धरून ती पिशव्यांच्या रांगेतून चालली होती आणि प्रत्येक रोपापाशी थांबून विचारत होती.

'हे खायचं?'

'नाय बाळा, हे बघायचं.'

'हे खायचं?'

'हे खायचं. पण आईला इचारून.'

'हे?'

मावशींनी पाण्याचा पाइप बाजूला ठेवला आणि अख्खी रांग संपेपर्यंत उत्तरं दिली. आम्ही मागून चालत होतो. बायको प्रत्येक झाडाचं नाव यादीच्या पाठीमागे लिहून घेत होती.